हातातल्या पाटीचं वाक्य

ऑर्विलला स्वतःच्याच जुन्या कथेतल्या एका वाक्याचा हेवा वाटत असे. त्या कथेतले शुक्रावरचे समुद्र खोटे ठरले, उडत्या मोटारी आल्याच नाहीत. पण विज्ञानकथांच्या मेळाव्यात जो तो त्याच वाक्याबद्दल विचारी: "तिने काचेची पाटी साखरेच्या डब्याला टेकवली आणि पीठ लागलेल्या बोटाने पुस्तकाचं पान उलटलं."

"आजोबा, पन्नास वर्षं आधी हे सुचलं कसं?" एका शाळकरी मुलीने तशाच काचेच्या पाटीवर, म्हणजे टॅबलेटवर, ती कथा उघडून विचारलं.

शेजारी बसलेल्या बायकोने, मार्जरीने, ऑर्विलला कोपराने ढोसलं. "सांग की रे तिला."

"तूच सांग," तो तुटकपणे म्हणाला. "माझी कथा टाइप करताना ते वाक्य मध्ये घुसवलंस, तेव्हा मला विचारलं होतंस?"