दरबारात उभी राहिलेली

"अर्जावर बाकीच्यांच्या सह्या नकोत. पोलिसांना संघटना करता येत नाही, माहीत आहे ना?" निरीक्षकांनी बजावलं होतं. म्हणून नव्या आयुक्तांनी तक्रारी ऐकायला दरबार भरवला, तेव्हा हवालदार विमल घोलप एकटीच उभी राहिली.

"सर, बंदोबस्ताला आम्ही बारा-बारा तास रस्त्यावर असतो. बायकांसाठी शौचालय नसतं. लघवीला जावं लागू नये म्हणून आम्ही दिवसभर पाणीच पीत नाही. परवा मिरवणुकीत आमची एक पोरगी चक्कर येऊन पडली. अजून दवाखान्यात आहे." एवढ्या पुरुषांसमोर तो शब्द उच्चारताना तिचे कान तापले होते.

आयुक्तांनी विचारलं, "हा त्रास फक्त तुम्हालाच होतो का?"

विमलने मागे वळून पाहिलं नाही. कुणाचं नाव घेतलं तर उद्या त्या बाईची बदली व्हायची. "मी माझंच सांगू शकते, सर."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मलाही होतो, सर." मग दुसरी उठली, तिसरी उठली आणि बघता बघता सभागृहातल्या सगळ्या बायका उभ्या राहिल्या. शेवटी वाहतूक शाखेतले पिकल्या मिशांचे एक हवालदारही उठले. "मला मधुमेह आहे, सर. आमचेही हालच होतात. सांगायची लाज वाटायची, एवढंच."

आयुक्त बराच वेळ लिहीत होते. "पुढच्या बंदोबस्ताला प्रत्येक मोठ्या चौकात फिरतं शौचालय असेल. जागा तुम्ही ठरवायच्या, घोलप. आणखी काही?"

विमल अजून उभीच होती.

"आहे ना, सर," ती म्हणाली.