ओळखीची चिठ्ठी

जीप सकाळपासून दारात उभी होती आणि गुरुबसप्पा पाटील सभापतींच्या चिठ्ठीची वाट बघत होते. आत सून पार्वती पहाटेपासून कळा देत होती. पण ओळखीशिवाय मोठ्या दवाखान्यात जायचं कसं? पाटलांची सून रांगेत बसली, असं लोक म्हणाले असते. मुलगा चिठ्ठी आणायला तालुक्याला गेला होता.

लातूर जिल्हा होऊन सहा महिने झाले होते. तो आपल्यासाठीच झाला, असं पाटलांना वाटे. पूर्वी त्यांच्या पडशाला सोलापूर लागायचं, आता लातूर लागे. त्या साली पाऊस नव्हता. आड आटले, जनावरं विकली गेली, टँकर दोन दिवसांआड येई. पाटलांची ऐट मात्र तशीच होती.

हाकेच्या अंतरावर सरकारी उपकेंद्र होतं. तिथली नर्स सिंधू गावच्याच बौद्ध वस्तीतली, नांदेडला शिकून आलेली. तीन वर्षांत तिच्या हातून साठ बाळंतपणं झाली, एकही बाई दगावली नव्हती. पाटलांना त्याचं काही नव्हतं.

"तिचा हात? आपल्या घरात?" ते म्हणाले होते.

दुपारी पार्वतीचं ओरडणं बारीक झालं. पाटलांची बायको गौरम्मा ओसरीवर पुरुष असताना कधी बाहेर येत नसे. आज ती आली, नवऱ्यासमोरून पायऱ्या उतरली आणि चालत गेली. परतली तेव्हा बरोबर पेटी घेतलेली सिंधू होती.

"पाटील, पाणमोट कवा फुटली?" सिंधूनं विचारलं.

पाटलांना ते माहीत नव्हतं. चिठ्ठी किती वाजता येणार, एवढंच माहीत होतं.

"येऊ दे," ते बायकोला म्हणाले. "पण मागच्या दारानं."

"मागच्या दारानं तुमी जावा," गौरम्मा म्हणाली. "बाळंतिणीच्या वाटंत बाप्याचं काय काम?"

सिंधू पुढच्या दारानं आत गेली. पाटील मागच्या दारानं रिकाम्या गोठ्यात जाऊन बसले. तासाभरानं त्यांना नातीचं रडणं ऐकू आलं. दोघी सुखरूप आहेत, हे गौरम्मा सांगायला आली, तशी त्यांनी मान खाली घातली.

"कुणाचा हात लागला, ते गावात बोलू नको."

"न्हाई बोलत," गौरम्मा म्हणाली. "तुमी सिंधूच्या आजीच्या हातावर जलमला, ते तरी मी इतक्या वर्षांत कुठं बोलले?"