चोथाबाईंच्या घरातला रस

कचऱ्याच्या डब्यात गाजराचा चोथा होता. ओला, ताजा, चांगला ओंजळभर. त्याखाली सफरचंदाचा. आणि तिने दोन वर्षांपूर्वी माळ्यावर टाकून दिलेला ज्यूसर ओट्यावर धुऊन पुसून पालथा घातलेला.

तिचं डोकंच फिरलं. ती आहारतज्ज्ञ होती. "फळं प्यायची नसतात, खायची असतात," हे वाक्य ती दवाखान्यात दिवसातून वीसदा म्हणायची. रस काढला की चोथा जातो आणि साखर तेवढी पोटात उतरते, हे पेशंटला कागदावर चित्र काढून दाखवायची. पेशंट पाठीमागे तिला चोथाबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. आज दुपारचे दोन पेशंट आले नाहीत म्हणून ती लवकर घरी परतली, तर चोथाबाईंच्याच घरात चोथा कचऱ्यात!

"मावशी!"

आईला सांभाळायला दिवसभर येणाऱ्या मावशी आतल्या खोलीतून आल्या. हातात रिकामा पेला, काठाला केशरी फेस.

"किती दिवस चाललंय हे?"

मावशींनी पेला पदराआड केला.

"मी काय विचारतेय?"

"झाले असतील दोन महिने, ताई."

दोन महिने! बरोबर दोन महिन्यांपासून आईची साखर वाढत होती. तिने आईचा भात बंद केला होता, बटाटा बंद केला होता. रोज सकाळी आईच्या बोटाला सुई टोचायची, आकडा बघायची आणि आपलाच अभ्यास कुठे कच्चा राहिला म्हणून पुस्तकं उघडून बसायची. आणि इथे रोज दुपारी बिनबोभाट रसपान चाललं होतं.

"मी पहाटे उठून फोडींचा डबा भरून ठेवते. सालासकट. त्याचं काय करता तुम्ही?"

"त्याचाच रस काढते," मावशी खालच्या आवाजात म्हणाल्या.

"कमाल आहे! आळशीपणाला काही..." पण म्हणता म्हणताच तिला ते पटेना. फोडी ताटलीत काढायला अर्धं मिनिट पुरतं. रस करायचा तर ज्यूसर जोडा, गाळा, जाळीत अडकलेले धागे ब्रशने घासत बसा. आळशी माणूस हा उपद्व्याप कशाला करेल? उत्तर सापडेना, तसा तिचा पारा आणखी चढला.

"उद्यापासून येऊ नका."

मावशींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आजींना विचारा, ताई. त्यांनी मला शपथ घातलीय."

आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. तिचे हात कापायचे. पेला धरला की अर्धा अंगावर सांडायचा. पण काट्याने फोड उचलणं तिला जमायचं. जाड मुठीचा काटा लेकीनेच चार दुकानं पालथी घालून आणला होता. आईला कुणाच्या तोंडाकडे बघायची वेळ येऊ नये, हा तिचा हट्ट. मावशींनाही तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ताटली ठेवा आणि आपल्या कामाला लागा, भरवत बसू नका.

"मला चाववत नाही आता," लेकीने तोंड उघडायच्या आधीच आई म्हणाली.

"आ कर."

तिने मोबाइलचा दिवा लावून आत पाहिलं. दात ठणठणीत. गेल्याच महिन्यात दातांच्या डॉक्टरांनी शाबासकी दिली होती.

"धडधडीत खोटं बोलतेस? मी दिवसभर जगाला शहाणपण शिकवते आणि माझी आई घरात लपूनछपून रस पिते! लोकांना कळलं तर तोंडात शेण घालतील माझ्या."

आईने मान खाली घातली. लेक तरातरा स्वयंपाकघरात गेली, सफरचंद चिरलं, ताटली आईसमोर आदळली, खुर्ची ओढली आणि हाताची घडी घालून पहारेकऱ्यासारखी समोर बसली.

"खा. माझ्यासमोर खा. संपेपर्यंत मी इथून हलणार नाही."

आईने काटा उचलला. पहिली फोड कुडुमकुडुम चावली. मग दुसरी. "पेशंट का नाही आले गं आज?" तिने विचारलं. लेकीने तुटक उत्तर दिलं. तिसरी फोड. "वजन कमी करायला त्या दोघी जावा यायच्या, त्या येतात का अजून?"

"येतात. एक उतरते, दुसरी चढते."

आई खुदकन हसली. बोलता बोलता सफरचंद सालासकट संपलं.

"आणखी आहे का एखादं?"

लेकीने चक्रावून पेअर चिरून आणला. तोही संपला. तोवर पाऊण तास उलटून गेला होता. मावशी खांद्याला पिशवी लावून अजून दारातच उभ्या होत्या.

"येतंय की सगळं चावता!" लेकीचा आवाज पुन्हा चढला. "मग हे नाटक कशासाठी? साखर वाढवून घेतलीस, या बाईंची नोकरी घालवलीस. कशासाठी, आई?"

आईने काटा हळूच ताटलीत ठेवला.

"तिला काढू नकोस. तिचा काही दोष नाही." मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "फोडी दिल्या की सगळे आपापल्या कामाला निघून जाता गं. पेला धरायला कुणाला तरी जवळ बसावं लागतं."