फॅन असेल कोणीतरी

सरनाईक सरांनी ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म तिसऱ्यांदा परत केला. नातेवाईक कोणी नाहीत, असं ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

माया फॉर्म हातात धरून खाटेपाशीच उभी राहिली. उल्हासनगरच्या त्या हॉस्पिटलात ती बारा वर्षं आया होती. आतडं फुटलेला माणूस फार थांबू शकत नाही, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. सकाळी बदलापूरहून, मांजर्लीतल्या त्यांच्या सोसायटीचा वॉचमन सरांना रिक्षात घालून इथे सोडून गेला होता. आता दुपारचे दोन वाजले होते. पोट फळीसारखं कडक झालं होतं. जिवाला धोका होता, म्हणून डॉक्टरांना घरच्या माणसाची सही हवी होती. आणि सर तर स्वतःचीही सही द्यायला तयार नव्हते. राहू द्या, एवढंच म्हणत होते.

मायाने त्यांना सकाळी आवाजावरून ओळखलं होतं. हेरांच्या एका हिंदी मालिकेत ते पाहुणे कलाकार म्हणून आले होते. फक्त तीन भाग. शत्रूचा हेर, पण खोट्या नावाने दहा वर्षं एका गावात गणिताचा मास्तर होऊन राहिलेला. शेवटी तो पकडला जातो. त्याचा सख्खा भाऊ त्याच्यासमोर आणून उभा करतात आणि विचारतात, याला ओळखतोस का? हो म्हटलं तर भावालाही फाशी. तो भावाकडे बघतो आणि शांतपणे नाही म्हणतो. तो प्रसंग मायाने फोनवर कितीदा पाहिला असेल, तिचं तिलाच माहीत नव्हतं. दुश्मनासाठी काय रडतेस, म्हणून नवरा हसायचा. पण एवढा मोठ्या मनाचा माणूस तिने पडद्यावर दुसरा पाहिला नव्हता.

तेच तिने आता सरांना सांगितलं.

"भावाला वाचवायला ओळख दिली नाहीत तुम्ही. असा माणूस एकटा कसा असेल, सर?"

कळ आली तशी सरांनी चादर मुठीत धरली. मग म्हणाले, "ते ओळख न देणं मला कोणी शिकवलं नाही. मी आधीच करून बसलो होतो ते. आणि भावाला वाचवायला नाही."

मग तुटक तुटक त्यांनी सांगितलं. त्यांचं खरं नाव अनंता साळवे. गाव इथून जवळच, अंबरनाथ. नाटकात काम मिळवायला बाहेर पडले तेव्हा साळवे म्हटलं की भाड्याची खोली नुकतीच गेलेली असायची. एकदा वैतागून सरनाईक सांगितलं. खोली मिळाली. पहिलं कामही त्याच नावावर मिळालं. पुढे ते नाव उतरवायची हिंमत झाली नाही. घरी जाणं कमी झालं, मग बंदच झालं.

नऊ वर्षांपूर्वी इथेच, उल्हासनगरात कॅम्प पाचच्या बाजारात शूटिंग होतं. त्यांचा धाकटा भाऊ महेंद्र तिथेच जीन्सच्या कारखान्यात कटिंगला होता. जेवणाच्या सुट्टीत तो गर्दीतून धावत आला. केसांना निळा कापूस चिकटलेला. त्याने 'अनंता' म्हणून हाक मारली. मेकअपवाल्याने विचारलं, कोण आहे हा?

"मी म्हटलं, फॅन असेल कोणीतरी."

महेंद्र जागच्या जागी थांबला. मग खिशातून एक चिठोरी काढून पुढे केली आणि म्हणाला, सर, एक सही द्या. सरांनी सरनाईक अशी सही केली. तो थँक्यू म्हणून गेला. दोन वर्षांनी आई वारली. सरांना ते सहा महिन्यांनी कळलं.

"आता कुठल्या तोंडाने त्याला बोलावू?" सर म्हणाले.

मायाचा राग उसळला होता. ती अंबरनाथच्याच बुवापाड्याची. दारात उभं करून आडनाव विचारणारी माणसं तिनेही पाहिली होती, आणि तिने प्रत्येक वेळी खरं तेच सांगितलं होतं. फॉर्म टेबलावर ठेवून निघून जावं, असं क्षणभर तिला वाटलं. मग सरांचे ओठ पांढरे पडलेले दिसले.

"तुम्ही नका बोलावू," ती म्हणाली. "मी बोलावते. पत्ता सांगा."

सरांनी डोळे मिटले. त्यांनी पत्ता सांगितला तो जवळजवळ ऐकूच आला नाही. बुवापाडा, विहाराच्या मागची गल्ली.

मायाचा नवरा रिक्षा चालवायचा. तिने त्याला फोन करून पत्ता दिला. पाऊण तासात महेंद्र त्याच्या रिक्षातून आला, अंगावर कामाचेच कपडे. सिस्टरने नातं विचारलं. त्याने भाऊ सांगितलं. आडनावं वेगळी कशी, असं सिस्टरने विचारल्यावर तो म्हणाला, त्यांचं कागदावर आहे तेच राहू द्या. मग त्याने सही केली. सरांकडूनही त्यानेच सही घेतली. ऑपरेशनच्या दारापर्यंत स्ट्रेचर त्यानेच ढकललं.

सर वाचले. तिसऱ्या दिवशी नाकातली नळी निघाली. माया चादर बदलत होती. महेंद्र उशाशी बसून होता. तीन दिवस तो तिथून हलला नव्हता, आणि तीन दिवसांत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

"त्या दिवशी बाजारात मी..." सरांनी सुरुवात केली.

महेंद्रने त्यांचा सुई लावलेला हात नीट उशीवर ठेवला.

"आईला मी घरी जाऊन सांगितलं, अनंता भेटला. भर बाजारात गळ्यात पडून रडला," तो म्हणाला. "जाईपर्यंत ती सगळ्यांना तेच सांगत होती."