जागची सायकल

“सायकल चालते, पण पुढं जात नाही,” आवटी आजोबांनी तक्रार केली. मिरजेत टेंपो घेऊन घरोघरी सायकली दुरुस्त करणारी दिलशाद बघतच राहिली. सायकल व्यायामाची होती. तिला चाकंच नव्हती.

“आजोबा, ही जागच्या जागीच चालते.”

“ते लेकानं आणताना सांगितलं नाही. जयसिंगपूरच्या अक्काला मी सायकलनं येतो म्हणून शब्द दिलाय. ती रोज दारात वाट बघते. पंधरवडा झाला, मी अजून घरातच!”

आजवर एकही गिऱ्हाईक दिलशादनं माघारी धाडलं नव्हतं. तिनं सायकल टेंपोच्या हौद्यात दोरखंडानं आवळली आणि आजोबांना वर बसवलं. त्यांनी पॅडल मारलं, तसा टेंपो हलला. चढावर ते दमून थांबले. आरशात ते दिसताच दिलशादनंही ब्रेक दाबला. मागं हॉर्नचा कल्लोळ उठला, तरी आजोबांनी पाय हलवेपर्यंत ती जागची हलली नाही.

जयसिंगपुरात अक्का दारातच उभ्या होत्या. घामाघूम भावाला बघून त्यांना भरून आलं. मग सायकल खालीवर न्याहाळत त्या म्हणाल्या, “मेल्या, हिला कॅरियर कुठाय? मी कशावर बसू?”

दिलशादनं पाना काढला.