शेवटच्या बेटाचा मार्ग

जवळ सरका रे बाळांनो. पाद्रीबुवा येईपर्यंत इलाइतिया कप्तानाची गोष्ट सांगतो.

पहाटे सुवा बंदराच्या धक्क्यावर तोंडाला फडकी बांधलेल्या तिघांनी त्याला गाठलं. लोखंडी कांबेने उजवा हात मोडला, डावा डोळा फोडला. बोटीचे दोरखंड रक्ताने भिजले.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटच्या बेटावर बोट नेण्याची सरकारी फ्रँचायझी एकालाच मिळणार होती. अर्जदार दोन. पेनायाची बोट नवी, भाडंही कमी. इलाइतियाची जुनी, मार्ग गेला तर ती भंगारात आणि तो रस्त्यावर. पण माणूस आपला, चर्चमध्ये पहिला सूर त्याचा.

आदल्याच दिवशी पेनाया भरबाजारात ओरडला होता, "म्हाताऱ्या, त्या डबड्यात माणसं बुडवशील! तुझा अर्ज पाडतो की नाही बघ!"

मार्ग कुणाला द्यायचा ते ठरवणाऱ्या सरकारी समितीच्या सुनावणीला इलाइतिया पट्ट्या बांधून आला. डावा हात बायबलवर ठेवला.

"मारणाऱ्यांना ओळखलंत?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"तोंडं झाकलेली होती, साहेब. मी कुणाचं नाव घेणार नाही."

सगळ्यांच्या नजरा पेनायाकडे वळल्या.

दुसऱ्या अर्जदाराला दहशत घालणारा बाद, असा नियम. समितीने पेनायाचा अर्ज बाजूला ठेवला आणि मार्ग इलाइतियाला दिला.

आमच्याकडे मारणारा देवमाशाचा दात घेऊन येतो, गुडघे टेकतो, माफी मागतो. मग वैर मिटतं. पेनाया गावात आला तो रिकाम्या हातांनी.

"दात कुठाय?" लोकांनी विचारलं.

"केलंच नाही, तर माफी कसली मागू?"

"मस्ती बघा याची!"

कुणीतरी वल्हं उचललं. मग सगळ्यांनीच उचलली. बायको धावत पोचेपर्यंत पेनाया वाळूत निपचित पडला होता. तो पुन्हा उठला नाही.

पहिल्या फेरीच्या दिवशी किनाऱ्यावर चटया अंथरल्या, यंगोनाच्या, म्हणजे मुळांच्या पेयाच्या, वाट्या फिरल्या. इलाइतियाचे तिघे भाचे गुडघ्यांवर सरकत पुढे आले.

"बोटीवर नोकरी मागतायत लेकाचे!" लोक हसले.

थोरल्याने दोन्ही हातांनी देवमाशाचा दात पुढे धरला. त्याला रडू आवरेना.

"मामा, तुम्ही फक्त हात मोडा म्हणाला होतात. डोळ्याचं माफ करा."

उठा, पाद्रीबुवा आले. आज गाताना पेनायाची आठवण ठेवा.