रोखलेला श्वास

विज्ञानाच्या तासाला श्वास रोखण्याची स्पर्धा लागली, तेव्हा सगळे जिला बडबडी म्हणत ती उठून म्हणाली, "बाई, सत्तर सेकंदांचा विक्रम मोडलाच समजा! माझं नाव फळ्यावर लिहून टाका."

"आधी तोंड तर बंद कर," बाई म्हणाल्या, आणि वर्ग खो खो हसला.

एकीने नाक चिमटीत धरायचं आणि दुसरीने तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून लबाडी पकडायची, असा नियम होता. बडबडीने छाती भरून श्वास घेतला आणि नाक दाबलं.

चाळीस सेकंदांनी मागे बसलेली तिची मैत्रीण ओरडली, "बाई, ही चक्क श्वास घेतेय! मला ऐकू येतंय."

बडबडीने जोरजोरात मान हलवली. बाईंनी तिच्या ओठांसमोर छोटा आरसा धरला. काचेवर वाफेचा ठिपकासुद्धा उमटला नाही.

"मग तूच ऐक की," म्हणत मैत्रिणीने नळ्या तिच्या कानांत घातल्या.

आत कुणीतरी सावकाश श्वास घेत होतं आणि सोडत होतं, गाढ झोपेत असल्यासारखं.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. विक्रम गेला खड्ड्यात! तिने नाक सोडलं आणि आ वासला.

त्याबरोबर आतला श्वास थांबला, जाग आल्यासारखा.

"अगं, घे ना श्वास!" मैत्रीण तिला गदागदा हलवू लागली.

तिने जीव खाऊन हवा ओढली. ती घशाखाली उतरेचना. कानांतल्या नळ्यांत मात्र एक लांबलचक, समाधानाचा श्वास ऐकू आला.